वाटाड्याचे पुढे काय झाले? : मराठी अद्भुतकथाकारांना खुले पत्र

प्रति,
मराठीत अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे लेखक, तशा कादंबऱ्यांची भाषांतरे करणारे भाषांतरकार, त्यांची चित्रे काढणारे चित्रकार आणि त्या छापणारे संपादक-प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि विरामचिन्हे यांच्या पलीकडे लेखकाच्या संहितेत हात घालण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नसतो, आणि तो असावा असे मला वाटतही नाही. म्हणूनच मुद्रितांच्या समासात जे लिहिता आले नाही ते या पत्रात लिहीत आहे. पत्र कोणा एकाला उद्देशून नाही. ज्यांची पुस्तके माझ्या टेबलावरून गेली त्यांच्यापैकी कोणाचेही नाव मी घेणार नाही, आणि जे उदाहरण सविस्तर घेणार आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले, परदेशातले आणि छापून सत्तर वर्षे झालेले आहे.

मराठीत अद्भुतकथा पुन्हा बाळसे धरते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. राज्ये, घराणी, शाप, तलवारी आणि सुरुवातीलाच जोडलेला नकाशा, असा सगळा थाट आता आपल्याकडेही असतो. मात्र त्या नकाशाच्या एका कोपऱ्यात गडद हिरवा डाग असतो, त्यावर काळेवन किंवा तशाच वळणाचे एखादे नाव असते आणि त्या डागात एक जमात राहते. तिला बहुधा स्वतःचे नाव नसते; असलेच तर ते तटबंदीच्या आतल्या लोकांनी ठेवलेले असते. ही माणसे ठेंगणी तरी असतात किंवा अवाढव्य तरी, मधल्या उंचीची कधीच नसतात. कमरेला पाने, गळ्यात हाडे, बाणांना विष. ती बोलत नाहीत, चीत्कारतात. चालत नाहीत, झेपावतात. आणि त्यांचा सण असला की नायक खांबाला बांधलेला असतो. हिंदी चित्रपटांतले ‘झिंगालाला’ आपण हसून सोडून दिले खरे, पण ते गेले कुठेच नाही. गंभीर चेहरा करून ते आपल्या कादंबऱ्यांत येऊन बसले आहे.

या जमातीला कथेत दोनच कामे मिळतात. एक तर वाटेत दबा धरून हल्ला करायचा, नाहीतर वाट दाखवायची. हल्ला केला तर ती मारली जाते. वाट दाखवली तर तिचे आभार मानले जातात आणि पुढच्या प्रकरणापासून ती नाहीशी होते. दोन्ही वेळा ती जाते, एवढेच मला आधी दिसले होते. ती का जाते हे कळायला जुनी पुस्तके पुन्हा उघडावी लागली.

ही दोन कामे आपण पाश्चात्त्यांकडून उचलली असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. ज्या शब्दाने आपण नॉव्हेलला ओळखतो तो ‘कादंबरी’ हा शब्द सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ग्रंथाच्या नावावरून आला आहे, आणि त्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागातच विंध्याटवीतल्या शबरांची शिकार येते. शबर-सेना रानात घुसते, जनावरे मारते, निघून जाते. मागे राहिलेला एक म्हातारा शबर शाल्मलीच्या झाडावर चढून पोपटांची पिल्ले माना मुरगाळून खाली टाकतो. शबरांच्या जगण्याबद्दल तिथे जे म्हटले आहे ते जहरी आहे: नरमांसाचा बळी हा त्यांचा धर्म, कोल्हेकुई हे त्यांचे शास्त्र, बरे-वाईट सांगणारी त्यांची गुरुमंडळी म्हणजे घुबडे. पण हे सगळे सांगतो कोण, तर एक पोपट, ज्याचा बाप त्याच झाडावर त्याच म्हाताऱ्याच्या हातून मेला आहे. द्वेषाला तिथे मालक आहे. बाणाने हे मुद्दाम केले की सहज झाले यावर पंडितांनी वाद घालावा. मला एवढेच दिसते की ते उद्गार निवेदनाच्या हवेत सुटे तरंगत नाहीत, एका पोरक्या जिवाच्या तोंडी आहेत.

त्याच बाणाच्या ‘हर्षचरिता’त दुसरे काम येते. हर्षाची बहीण राज्यश्री विंध्याच्या रानात हरवली आहे आणि तिला शोधायला निघालेल्या राजापुढे निर्घात नावाचा एक शबर तरुण आणला जातो. त्याची ओळख करून देणारा सांगतो, की या रानातले पानन्‌पान त्याला ठाऊक आहे. निर्घात राजाला दिवाकरमित्र नावाच्या भिक्षूच्या आश्रमाची माहिती देतो, राजा तिकडे जातो, बहीण सापडते. निर्घाताचे काम संपते. एका लेखकाच्या दोन ग्रंथांत ही दोन कामे इतकी नेटकी वाटून दिलेली आहेत, की त्यानंतरच्या तेराशे वर्षांत आपण त्यांत तिसऱ्याची भर घातली का, असा प्रश्न मला पडतो.

आता ज्या उदाहरणासाठी हे पत्र लिहायला घेतले तिकडे वळते. इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुत कादंबरीचा तिसरा खंड ऑक्टोबर १९५५मध्ये आला. गोंडोर राज्याच्या मिनास तिरिथ या राजधानीला वेढा पडला आहे, शेजारच्या रोहन राज्याचा थिओडेन राजा आपले घोडदळ घेऊन मदतीला निघाला आहे आणि पुढचा रस्ता शत्रूने अडवला आहे. रात्री रानातून नगारे ऐकू येतात. मेरी नावाचा हॉबिट, म्हणजे एका बुटक्या जमातीतला तरुण, घाबरून विचारतो तेव्हा एल्फहेल्म हा सरदार त्याला सांगतो, की हे ‘वोज’, रानातली माणसे. कुठल्याशा जुन्या काळाचे अवशेष. विषारी बाण वापरतात म्हणे. हे ‘म्हणे’ महत्त्वाचे आहे. रोहनचे लोक त्या रानाशेजारी पाचशे वर्षे राहत आले आहेत, आणि शेजाऱ्यांविषयी त्यांच्याजवळ असलेली माहिती ऐकीव आहे. जी प्रत्यक्षातली आहे ती एल्फहेल्म सांगत नाही; ती थोड्या वेळाने रानातल्या माणसांचा म्होरक्या घान-बुरी-घान स्वतः सांगतो.

घानचे जे वर्णन लेखक करतो ते आपल्या नकाशातल्या जमातीपेक्षा फार वेगळे नाही. बुटका, दगडासारखा खडबडीत, वाळल्या शेवाळासारखी दाढी, कमरेभोवती गवत. बोलणे तुटक. वाचताना माझ्यातला मुद्रितशोधक म्हणाला, की झाले, आला आपला ओळखीचा गडी. पण मग घान बोलू लागतो. रोहनच्या सैन्याची संख्या तो राजाला सांगतो: विसांचे वीस, ते दहा वेळा आणि आणखी पाच वेळा मोजायचे. वर बजावतो, की रानातली माणसे रानटी आहेत, स्वतंत्र आहेत, पण लहान मुले नाहीत. तो आकाशातल्या चांदण्या मोजतो, झाडांची पाने मोजतो, अंधारातली माणसे मोजतो. शत्रू याहून जास्त आहे, हेही त्याने मोजलेले आहे. गोंडोरच्या लोकांनी कधीकाळी आपल्या जड गाड्यांसाठी या रानातून केलेला रस्ता गोंडोर विसरले आहे. घानचे लोक विसरलेले नाहीत.

आमच्या गावातल्या वाचनालयात दर शनिवारी मी मुलांना एक प्रकरण वाचून दाखवते आणि वाचता वाचता मराठी करून सांगते. या प्रकरणाच्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. वीस गुणिले वीस चारशे, त्यांच्या पंधरा पट सहा हजार. आधीच्या एका प्रकरणात सैन्य किती सांगितले होते ते त्याच्या लक्षात होते, कारण अशा गोष्टी मुलांच्याच लक्षात राहतात. “बरोबर मोजलंय त्याने,” तो म्हणाला, आणि मग विचारले, “मग त्याला नीट बोलता का येत नाही?” मी त्याला सांगितले, की घान परक्याच्या भाषेत बोलतोय, तुला उद्या कन्नडमध्ये बोलायला लावले तर तूही असाच बोलशील. उत्तर खोटे नव्हते. पण घरी येताना माझ्या लक्षात आले, की राजाला घानची भाषा येत नाही याकडे त्या प्रसंगात कोणाचेच लक्ष नाही, आणि माझेही गेले नव्हते.

राजा घानला बक्षीस देऊ करतो: इमानाने वागलास तर भरपूर संपत्ती आणि रोहनची कायमची मैत्री. घानचे उत्तर मला त्या तीन खंडांतल्या सगळ्या शूरवीरांच्या भाषणांपेक्षा मोलाचे वाटते. मेलेली माणसे जिवंतांची मित्र नसतात आणि त्यांना बक्षिसेही देत नाहीत, असे तो म्हणतो. पण या अंधारानंतर तुम्ही जिवंत राहिलात, तर रानातल्या माणसांना रानात सुखाने राहू द्या आणि जनावरांसारखी त्यांची शिकार करणे थांबवा. म्हणजे एवढा वेळ ज्यांच्या घोड्यांच्या टापांबरोबर आपले काळीज धडधडत होते, ज्यांच्या गाण्यांनी आपण भारावलो होतो, ते रोहनचे देखणे, सत्यवचनी स्वार माणसांची शिकार करत आले आहेत. विषारी बाणांची ऐकीव गोष्ट आपल्याला सांगितली गेली होती. ही सांगितली गेली नव्हती. राजा शब्द देतो, तोही एका वाक्यात. पूर्वी हे का चालले होते, किती माणसे गेली, कोणाला काही वाटले का, यातले काहीही विचारले जात नाही. घोडदळाला घाई आहे, आणि कथेलाही.

घान वाट दाखवतो. तो राजाबरोबर चालतो आणि दगा झाला तर मला मारा म्हणतो. म्हणजे स्वतःला ओलीस ठेवतो, आणि ते ठेवून घेतले जाते. वारा फिरल्याचे कोणाही स्वाराच्या आधी त्याला कळते. मग तो जातो, आणि रोहनच्या कोणत्याही स्वाराला पुन्हा कधी दिसत नाही. या प्रकरणावर दोन प्रकारची टीका मी वाचली आहे. टोल्किनने रानातल्या माणसांना हीन दाखवले असे एक पक्ष म्हणतो, आणि घानच्या तोंडी शहाणपण घालून त्याने त्यांचा गौरव केला असे दुसरा. मला दोन्ही निम्मे पटते, आणि त्या भांडणात फारसा रस नाही. माझे लक्ष आहे ते टोल्किन नंतर काय करत बसला याकडे.

पुस्तक जगभर गाजत असताना हा गृहस्थ आपल्या कागदांत या लोकांकडे परत गेला. त्यातले काही त्याच्या मुलाने १९८०मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’ या ग्रंथात छापले. ‘वोज’ हा रोहनवाल्यांचा शब्द होता, आणि तो टोल्किनने जुन्या इंग्रजीतून काढला होता. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या चर्चांमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडांवर केसाळ रानमाणसांच्या मूर्ती कोरलेल्या असतात, त्यांचे नाव याच शब्दाशी जोडलेले आहे. नव्या टिपणात मात्र त्याने या लोकांना स्वतःचे नाव दिले, ‘ड्रुघू’, आणि एल्फ नावाच्या अमर लोकांनी दिलेले दुसरे, ‘ड्रुएडाइन’, ज्याच्या शेवटच्या तुकड्याचा अर्थच असा, की हेही आपल्या मित्र-मानवांपैकी आहेत. त्यांची हसण्याची रीत दिली, असे हसणे की ऐकणाऱ्यालाही हसू आवरू नये. त्यांचे दगडकाम दिले. आगान नावाचा एक वैद्य आणि त्याने शेजाऱ्याच्या घरी राखणीला बसवलेला दगड यांची एक सुंदर गोष्ट दिली. दगड रात्री पेटलेली आग पायाने विझवतो आणि सकाळी भाजलेले पाय आगानचे असतात.

त्याहीपेक्षा मला अचंबित करणारी जागा वेगळी आहे. ड्रुएडाइनांना नीट न ओळखणारे काही लोक म्हणत, की काळ्या शत्रूने आपले ऑर्क, म्हणजे राक्षसी सैनिक, नक्की याच जातीतून पैदा केले असणार. म्हणजे दिसायला कुरूप तो राक्षसाच्याच वंशाचा. टोल्किन हा आरोप लपवत नाही. तो नोंदवतो, आरोप करणाऱ्यांचे अज्ञान सांगतो आणि एल्फांचे उत्तर देतो, की या लोकांचे हसणे आणि ऑर्कांचे हसणे यांत प्रकाश आणि अंधाराचे अंतर आहे. पूर्वग्रह कसा जन्माला येतो, कोणाच्या तोंडून फिरतो आणि कशाने खोटा ठरतो, हे सगळे त्या एका परिच्छेदात आहे. आणखी एका टिपणात तो न्यूमेनोर या बेटावरच्या थोर दर्यावर्द्यांकडे वळतो. मूळ कादंबरीत ते जवळजवळ देवमाणसे आहेत; इथे ते ग्वाथ्लो नदीच्या दोन्ही काठांची प्रचंड अरण्ये जहाजांसाठी तोडतात. तिथले रहिवासी आधी त्यांचे वैरी नव्हते; तोड आवरेनाशी झाली तेव्हा ते दबा धरून हल्ले करू लागले, आणि मग ‘वैरी’ ठरल्यामुळे त्यांच्या रानावर दया दाखवण्याचेही कारण उरले नाही. ज्यांना आपण पहिल्या वाचनात दबा धरणारे रानटी म्हणून ओळखतो त्यांच्या हल्ल्याआधी काय घडले होते, ते लेखकाने मागे जाऊन लिहिले.

या ठिकाणी मराठी वाचकाला परक्यासारखे वाटण्याचे काही कारण नाही. मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाची लढाऊ जहाजे बांधली जात. १८१७मध्ये पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. १८४२मध्ये इंग्रजांनी डांगची जंगले तिथल्या भिल्ल राजांकडून लाकडासाठी भाडेपट्ट्याने घेतली. त्या काळात भिल्ल, कातकरी यांच्याविषयी जे शब्द सरकारी कागदांत आले, आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची जी सोय केली, तिचे अवशेष आपल्या बोलण्यात अजून आहेत. मुलाने अंघोळ टाळली की ‘कातकऱ्यासारखा’ आणि आरडाओरडा केला की ‘रानटी’ हे शब्द ज्या घरांत सहज निघतात त्या घरांतच आपली पुस्तके वाचली जातात. ज्याच्या नावात काथ आहे, म्हणजे खैराच्या लाकडापासून काथ काढण्याचे कौशल्य आहे, त्याचे नाव मळाचे विशेषण झाले. काल्पनिक जमातीचे वर्णन करताना लेखकाच्या हाताशी जे शब्द आपोआप येतात, ते काल्पनिक नसतात.

आपल्यापैकी काहीजण इथे म्हणतील, की मग आम्ही रानातले खलनायक लिहायचेच नाहीत का, आणि सगळ्यांना सज्जन करून कथेचे पाणी करायचे का. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. द्वेष लिहावा, आणि सगळा लिहावा. अर्सुला ल ग्विन यांनी १९७२मध्ये ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ नावाची कादंबरिका लिहिली. ती विज्ञानकथा आहे, अद्भुतकथा नव्हे, पण मुद्द्याला अगदी लागू. दुसऱ्या ग्रहावरच्या रानात हिरवट लव असलेली तीन फुटी माणसे राहतात, पृथ्वीवरून आलेले लोक लाकूड नेण्यासाठी त्यांची गुलामांसारखी पिळवणूक करतात. पहिले प्रकरण आपण डेव्हिडसन या अधिकाऱ्याच्या डोक्यात बसून वाचतो. त्या रानातल्या माणसांबद्दल जे जे घाणेरडे म्हणता येईल ते सगळे तिथे आहे, आणि तरी एक क्षणभरही वाटत नाही, की हे लेखिकेचे म्हणणे आहे. दुसऱ्या प्रकरणात रानातला सेल्वर येतो, आणि मग कळते, की डेव्हिडसनला जे आळशी झोपाळू प्राणी वाटत होते ते जागेपणी स्वप्न पाहण्याची विद्या जोपासणारे लोक आहेत आणि त्यांच्या भाषेत जग आणि रान यांना एकच शब्द आहे. ते पुढे माणसे मारतात. मारायला ते पाहुण्यांकडून शिकले आहेत, आणि शिकलेले विसरता येणार नाही हे सेल्वरला कळते. सज्जनपणाचे तिथे नाव नाही.

फरक कुठे आहे ते माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगते. एखादी व्यक्तिरेखा ‘हे रानटी’ म्हणते तेव्हा शब्दाभोवती अवतरणचिन्हे असतात. लेखक निवेदनात ‘रानट्यांची टोळी चाल करून आली’ लिहितो तेव्हा अवतरणचिन्हे नसतात. कित्येकदा माझी पेन्सिल तिथे चिन्हे घालण्यासाठी शिवशिवली आहे. हा बदल दिसायला चार टिंबांचा, पण तो मुद्रितशोधकाच्या हातचा नाही, कारण चिन्हे घातली की लगेच प्रश्न येतो, की हे कोण म्हणते आहे, आणि बहुतेक संहितांत त्याला उत्तर नसते.

उलट्या बाजूचे एक दुखणेही सांगायला हवे. अलीकडे काही लेखक जुन्या साच्याला कंटाळून रानातल्या माणसांना निसर्गाचे पुजारी करतात. ती झाडांशी बोलतात, कधी रागावत नाहीत, त्यांच्यात भाऊबंदकी नसते, कोणाचा दात दुखत नाही. मग बाहेरून एक तरुण येतो, सहा महिन्यांत त्यांची विद्या त्यांच्याहून चांगली शिकतो आणि त्यांचा नायक होतो. हे आम्हाला नवे नाही. १९६४पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये आम्ही वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, वाचत वाढलो. बांदार बुटक्यांचे विषारी बाण आणि त्यांच्या रानाच्या मधोमध कवटीच्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारा गोरा मुखवटाधारी. मला वेताळ अतिशय आवडत असे, अजूनही जुना अंक हाती लागला तर काम बाजूला पडते. पण चारशे वर्षांत एकाही बांदाराला तो मुखवटा का चढवावासा वाटला नाही, हे दहाव्या वर्षी माझ्या मनात आले नाही, आणि येऊ नये अशीच त्या चित्रांची मांडणी होती. चित्रकारांनी याचा विचार करावा. मुखपृष्ठावर रानातली माणसे आली की त्यांचे चेहरे सावलीत आणि भाले उजेडात असतात.

भाषांतरकारांसाठी एकच विनंती आहे, पण ती निकडीची आहे. घानसारख्या पात्राचे तुटक बोलणे मराठीत आणताना कृपया त्याला कुठल्याही खऱ्या बोलीचे ठिगळ लावू नका. मुळात तो परभाषेत बोलतो म्हणून तुटक बोलतो. आपण त्याच्या तोंडी वारली, कातकरी किंवा भिलोरीच्या ओळखीचे हेल घातले की वाचकाला वाटते, की ही बोलीच तुटकी आहे. गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली पूर्ण भाषा आहे. तिचा स्वर उसना घेऊन अडाणीपणा दाखवता येत नाही. आणि जमलेच, तर राजाच्या तोंडी एखादे वाक्य घानच्या भाषेत, तेही चुकीचे, घालून पाहा. प्रसंग कसा बदलतो ते आपल्याला दिसेल.

परत घानकडे येते, कारण त्याची गोष्ट मी अर्धवट सोडली आहे. युद्ध संपते, गोंडोरच्या गादीवर नवा राजा बसतो. युद्धात पडलेल्या थिओडेनचे शव घेऊन मिरवणूक त्या रानाजवळून जाते तेव्हा रानातून नगारे वाजत असतात, पण माणूस एकही दिसत नाही. या नव्या राजाचे भालदार पुकारा करतात, की राजाने हे ड्रुआडान अरण्य घान-बुरी-घान आणि त्याच्या लोकांना कायमचे दिले आहे, आणि यापुढे त्यांच्या परवानगीवाचून कोणीही आत पाऊल ठेवू नये. नगारे एकदा जोरात वाजतात आणि थांबतात. तरुणपणी या जागी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. राजा किती न्यायी! आता तीच जागा वाचताना मी ‘दिले’ या क्रियापदाशी अडखळते. गोंडोरचा पहिला दगड बसवला गेला त्याच्या आधीपासून ते रान त्यांचेच होते.

आपल्याकडे २००६मध्ये जो वनहक्क कायदा झाला त्याच्या नावात ‘हक्कांची मान्यता’ असे शब्द आहेत आणि उद्देशिकेत ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे. वने ‘देण्याची’ भाषा नाही. २००९मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या काही हक्कांपैकी. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावाची घोषणा आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. ती वाचली की मला घान आठवतो, राजासमोर उभा राहून आम्ही लहान मुले नाही असे सांगणारा. हे साम्य मी ओढूनताणून आणत नाही. लहान मुलासारखे वागवले गेलेल्या माणसाला कुठल्याही भाषेत सगळ्यात आधी हेच वाक्य बोलावे लागते. कायद्याच्या मसुद्यात जे क्रियापद टाळता आले ते कल्पनेला मोकळे रान असलेल्या कादंबरीत टाळता येऊ नये, हे मला चमत्कारिक वाटते.

पुराणकथांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना वेगळे काही सांगण्याची गरज नाही. खांडववन जळताना पळू पाहणाऱ्यांना कृष्णार्जुनांनी आत ढकलले, या प्रसंगाकडे इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये १९६७ साली ज्या नजरेने पाहिले, ती नजर मराठीत उपलब्ध आहे. तरीही इंद्रप्रस्थाच्या वैभवावर दहा पाने आणि त्याखालच्या राखेवर दोन ओळी अशा वाटणीच्या कादंबऱ्या मी आजही तपासते.

मला ठाऊक आहे, की आपल्यापैकी कोणीही मनात अढी धरून लिहीत नाही. टोल्किनही धरत नव्हता. घाईत असलेल्या घोडदळाबरोबर लेखक निघाला, की रस्त्याकडेच्या माणसाशी बोलायला वेळ नसतो, इतके हे साधे आहे. टोल्किनला नंतर वेळ मिळाला आणि तो परत गेला. जे मूळ पुस्तकात मावले नव्हते ते कागदांत राहिले, आणि २००३च्या चित्रपटात तर मुळातला घानही मावला नाही. आपल्या हातात मात्र संहिता अजून कच्ची आहे, जुळणी व्हायची आहे, नकाशावरचा हिरवा डाग कोरा आहे.

एक गोष्ट मला गेली कित्येक वर्षे वाचायची आहे आणि ती कोणत्याच भाषेत मला सापडलेली नाही. भालदारांचा पुकारा झाला, नगारे जोरात वाजले आणि थांबले, त्या रात्री रानात काय बोलणे झाले? पुकाऱ्याची भाषा किती जणांना कळली, जी कळली ती कोणी कोणाला समजावून सांगितली, शिकारीत मेलेल्यांची नावे कोणी घेतली का, कोणी हसले का, कोणी म्हणाले का की राजाचा शब्द एका राजापुरता असतो? आणि स्वतः घान, ज्याने सैन्य मोजले होते, त्याने त्या रात्री काय मोजले? तो प्रसंग दुसऱ्याच्या पुस्तकातला आहे, तो तसाच कोणी उचलावा असे मी सुचवत नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या नकाशात असे एक रान आणि अशी एक रात्र आहेच. ती लिहून जो कोणी पहिली संहिता पाठवील, तिची मुद्रिते मी विनामूल्य तपासून देईन, आणि अवतरणचिन्हांच्या बाबतीत चकार शब्द काढणार नाही.

आपली नम्र,
एक मुद्रितशोधक